स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा घालावा का?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"आम्ही नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. घरात मी, माझे पती, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ६ वर्षांचा मुलगा असे चौघे आहोत. स्वयंपाकघर आतून ११ फूट बाय १० फूट आहे. खिडकीखालच्या लांब भिंतीला दोन फूट रुंदीचा ओटा असून त्यावर गॅस आणि सिंक आहे. समोरच्या लांब भिंतीला फ्रिज, साडेपाच फूट रुंदीची उंच कपाटे आणि जेवणाच्या जागेत जाणारे दार आहे. एका आखूड भिंतीला ड्राय बाल्कनीचे दार आहे आणि दुसरी आखूड भिंत रिकामी आहे. अमेरिकेत नणंदेच्या घरी किचन आयलंड, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध भिंतीपासून सुटा असलेला ओटा, पाहिल्यापासून तसे आपल्याही घरी असावे असे मला फार वाटते. आमच्या इंटीरियर डिझायनरने समोरची भिंत काढून ५ फूट बाय अडीच फुटांचे आयलंड, त्यावर हॉब (दगडात बसवलेली गॅसची शेगडी) आणि छोटे सिंक, बाहेरच्या बाजूला दोन उंच स्टुले, असा आराखडा दिला आहे. पतींना तो आवडला आहे. सासूबाईंनी फक्त एवढेच विचारले, 'मग फराळाला खाली कुठे बसायचे?' त्यांचा विरोध नाही, पण मन मानत नाही असे दिसते. आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण मापे इतकी नेमकी पाठवली आहेत की उत्तरही नेमकेच देणे माझे कर्तव्य आहे. आराखडा आहे त्या स्वरूपात आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या गरजेपोटी आपल्याला आयलंड हवेसे वाटते ती गरज खरी आहे आणि ती याच खोलीत, भिंत न पाडता, बऱ्याच अंशी पूर्ण होऊ शकते. ते कसे, हे पुढे लिहितेच. पण आधी सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या मते आपल्या संपूर्ण पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न तोच आहे.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरातली मधली जागा नकाशावर रिकामी दिसते, परंतु ती रिकामी नसते. चकल्या पाडायला, करंज्या भरायला, मोठ्या परातीत लाडवांचे मिश्रण मळायला, गौरी-गणपतीच्या स्वयंपाकासाठी ढीगभर भाजी निवडायला किंवा किराणा आला की पिशव्या उघडून डबे भरायला आपण वर्षानुवर्षे तीच जमीन वापरत आलो आहोत. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, पण मांडी घालून तासभर बसता येते, अशा बाईंसाठी तर ती जमीन हाच खरा ओटा असतो. तिथे एकदा दगडाचा ठोकळा बसला की तो वर्षातले तीनशे पासष्ट दिवस तिथेच राहणार, आणि सणाच्या चार दिवसांसाठी तो बाजूला सरकवता येणार नाही. म्हणून आयलंड घालून काय मिळते याचा विचार करताना कोणती जागा कायमची द्यावी लागते, हेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे.

आता मापांकडे येऊ. अमेरिकेतील नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन ही स्वयंपाकघर-रचनाकारांची संघटना आहे आणि तिच्या मार्गदर्शक सूचना पुष्कळ ठिकाणी वापरल्या जातात. त्यानुसार एक व्यक्ती काम करत असेल तर ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट, आणि दोघे एका वेळी काम करत असतील तर ४८ इंच, म्हणजे चार फूट, मोकळी वाट असावी. नुसते येण्याजाण्यासाठी ३६ इंच पुरतात. ही मापे कुणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाहीत. ओट्याखालची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली की ती दीड-पावणेदोन फूट जागा घेते, तिच्यासमोर वाकून उभ्या राहणाऱ्या माणसाला आणखी तितकीच जागा लागते, आणि त्याच वेळी पाठीमागून कुणी गरम कुकर घेऊन गेले तर त्याचा धक्का लागता कामा नये, हा त्यामागचा हिशेब आहे.

आपल्या खोलीची रुंदी १० फूट आहे. त्यातून ओट्याचे दोन फूट आणि समोरच्या फ्रिजचे साधारण सव्वादोन फूट वजा केले की पावणेसहा फूट उरतात. त्यात अडीच फुटांचे आयलंड ठेवले तर दोन्ही बाजूंना मिळून सव्वातीन फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम एक फूट सात इंच वाट राहील. तिथे फ्रिजचे दारही पूर्ण उघडणार नाही. याचा अर्थ असा की भिंत पाडल्याशिवाय आपल्या घरात आयलंड बसतच नाही. आणि आराखड्यात भिंत पाडणे हा शोभेचा भाग म्हणून दाखवलेला असला तरी खरे पाहता सगळा निर्णय त्या भिंतीचाच आहे.

भिंत पाडली तर काय होईल, तेही मोजून पाहू. ओट्यानंतर आठ फूट उरतील. त्यात साडेतीन फुटांची वाट आणि अडीच फुटांचे आयलंड धरले की दोन फूट, आणि भिंतीच्या जाडीचे सहाएक इंच, एवढेच बाहेरच्या बाजूला राहतात. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागून दुसऱ्याला सरळ चालत जाता यावे यासाठी आयलंडच्या कडेपासून ४४ इंच लागतात. म्हणजे सव्वा फुटाच्या आसपास जागा आपल्या जेवणाच्या टेबलाकडून घ्यावी लागेल. दोन स्टुलांच्या हौसेपायी चौघांचे जेवणाचे टेबल अडचणीत ढकलणे योग्य ठरेल का, याचा विचार आपण करावा.

आयलंडमुळे सामान ठेवायला जास्त जागा मिळते, असे आपल्याला कुणी सांगितले असेल तर तेही आपल्या बाबतीत उलट आहे. आज त्या भिंतीला साडेपाच फूट रुंद, सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाटे आहेत असे धरले तर त्यांत ७७ घनफूट जागा होते. आयलंडवर बसून खायचे असेल तर गुडघ्यांसाठी दगड सुमारे १५ इंच बाहेर काढावा लागतो, त्यामुळे अडीच फुटांपैकी खालच्या कपाटासाठी सव्वा फूटच खोली उरते. पाच फूट लांब, सव्वा फूट खोल आणि अडीच फूट उंच कपाटाची जागा साडेपंधरा घनफूट भरते, आणि त्यातूनही हॉब व सिंकखालचा भाग वजा होतो. ७७ देऊन १५ घेण्याचा हा व्यवहार आहे. वर्षाचे गहू-तांदूळ, पितळी पातेली, सणाची भांडी, मोठे कुकर हे सगळे मग कुठे जाणार, याचे उत्तर आराखड्यात असायला हवे होते.

भिंतीविषयी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अलीकडच्या पुष्कळ उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबरच भिंतीही काँक्रीटच्या ओततात. बांधकामावरची मंडळी त्याला 'मायव्हान' म्हणतात. अशा इमारतीतली घरातली साधी वाटणारी भिंतही वरच्या मजल्यांचा भार पेलत असू शकते, आणि ती फोडणे तर सोडाच, तिच्यात मोठे छिद्र पाडणेही धोक्याचे असते. जुन्या पद्धतीच्या, खांब-तुळयांच्या इमारतीत मधली भिंत विटांची किंवा ब्लॉकची असते आणि ती काढता येऊ शकते, तरीही तिच्यावरची तुळई तशीच राहते. तेव्हा कंत्राटदाराने भिंतीवर बोटाने टकटक करून दिलेल्या ग्वाहीवर विसंबू नका. बिल्डरकडून स्ट्रक्चरल नकाशा मागा, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. हे तिन्ही होईपर्यंत डिझायनरला आगाऊ रक्कम देऊ नये, असा माझा आग्रह आहे.

आयलंडवरच्या सिंकबद्दल लिहिताना मला नणंदबाईंच्या घराची आठवण ठेवावीशी वाटते. अमेरिकेतली बहुतेक स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची असतात. जमीन लाकडी वाशांवर उभी असते, पुष्कळ घरांखाली तळघरही असते आणि खोलीच्या मधोमध सिंक बसवायचे झाले तर सांडपाण्याची नळी त्या वाशांमधल्या पोकळीतून नेता येते. आपल्या पायाखाली काँक्रीटचा सलग स्लॅब आहे आणि त्याच्याखाली दुसऱ्या कुटुंबाचे छत आहे. नळी वरूनच न्यावी लागणार. सांडपाणी वाहण्यासाठी साधारण ४० फुटांना एक फूट असा उतार धरला तर १० फुटांच्या अंतरात नळी ३ इंच खाली यायला हवी. त्यात दोन इंची नळीची स्वतःची जाडी आणि वरची फरशी मिळवली की स्वयंपाकघराची जमीन पाच-सहा इंच उचलावी लागते. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक पायरी तयार होते. घरात ६८ वर्षांच्या आजी आणि पळणारे मूल असताना, हातात आमटीचे पातेले घेऊन ओलांडावी लागणारी ती पायरी मला अजिबात मान्य नाही. उतार कमी ठेवून पायरी टाळली तर तूप आणि तेल नळीत साचून ती वारंवार तुंबते, आणि तेव्हा फरशी फोडण्यावाचून इलाज राहत नाही.

हॉबविषयी माझे मत याहूनही ठाम आहे. आपल्या रोजच्या स्वयंपाकात फोडणी आहे. मोहरी तडतडते, मिरची उडते, कढईतले तेल शिंतडते, आणि ओट्यामागची टाइल्सची भिंत हे सगळे झेलते. आयलंडला पाठीशी भिंत नसते. समोरच्या स्टुलावर मुलगा दूध पीत बसला असेल तर ती जागा भिंतीऐवजी त्याची असेल, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. चिमणीही मग छतातून लोंबती लावावी लागते. बाजूंना आडोसा नसल्यामुळे ती हॉबपेक्षा रुंद आणि अधिक ताकदीची घ्यावी लागते, तिची नळी फॉल्स सीलिंगमधून बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावी लागते आणि वाटेतल्या प्रत्येक वळणागणिक तिची ओढ कमी होते. त्यातच भिंत नसल्याने धूर थेट बैठकीतल्या पडद्यांत जाऊन बसतो. आणि उन्हाळ्यात बैठकीतला पंखा चालू ठेवला तर ज्योत हलते, मंद आच विझण्याचीही भीती असते. सिलिंडर वापरत असाल तर त्याची रबरी नळी दीड मीटरहून लांब नसावी, ती सहज दिसेल अशी असावी, फरशीखालून किंवा भिंतीतून नेऊ नये आणि ५ वर्षांनी बदलावी, हे नियम आयलंडसाठी शिथिल होत नाहीत. पाइपचा गॅस असेल तरी जोडणीत बदल फक्त गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घेता येतो.

उंच स्टुलांबद्दल फार लिहीत नाही. ३६ इंच उंचीच्या आयलंडला २४ ते २६ इंच उंचीचे स्टूल लागते, आणि त्यावर चढून बसणे सासूबाईंना जमणार नाही. घरातल्या सर्वांत जास्त वेळ स्वयंपाकघरात असणाऱ्या व्यक्तीला जिथे बसता येत नाही, ती बैठक कुणासाठी आहे?

याचा अर्थ आयलंड ही आपल्या लोकांसाठी वाईटच कल्पना आहे असा कुणी घेऊ नये. बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये, जिथे स्वयंपाकघर निदान १४ फूट बाय १३ फूट आहे, जिथे दोन-तीन माणसे एकत्र राबतात आणि भिंतीकडच्या ओट्यावर गॅस व सिंक ठेवूनही मध्ये चारी बाजूंनी साडेतीन-चार फूट वाट उरते, तिथे मधला कोरडा ओटा फार सोयीचा होतो. 'कोरडा' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते. त्यावर पाणी नको आणि आगही नको. पोळ्या लाटाव्यात, भाजी चिरावी, ताटे वाढावीत, मुलांनी अभ्यास करावा. असे आयलंड करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की सिंक, गॅस आणि फ्रिज यांच्यामधली रोजची ये-जा त्याला वळसा घालून करावी लागू नये. फ्रिजमधून दूध काढून गॅसपर्यंत जाताना दिवसातून तीस वेळा कोपऱ्याला वळावे लागले तर तो ओटा मदतीचा न राहता अडथळ्याचा होतो. दगड हळद-तेलाला दाद न देणारा, गडद ग्रॅनाइटचा असावा. क्वार्ट्‌झमध्ये राळ असते, त्यामुळे गरम कढई थेट ठेवली की डाग पडू शकतो, आणि कडप्प्यावर लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडून राहिला तर चकाकी जाते. आपण फरशी पाण्याने धुतो, म्हणून खालचे कपाट 'आयएस ७१०' मानकाच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायवुडचे करून स्टीलच्या पायांवर जमिनीपासून चार इंच उचलावे.

आता आपल्या घरासाठी मला काय सुचते ते सांगते. आपल्याला आयलंड का हवे, याची मी पत्रात कारणे शोधली. सध्याच्या ओट्यावर गॅस आणि सिंक यांनी जागा व्यापल्यावर पोळ्या लाटायला आणि मिक्सर ठेवायला सलग जागा उरत नाही, आणि स्वयंपाक करताना आपण घरातल्यांकडे पाठ करून उभ्या असता, ही दोन कारणे मला दिसली. दोन्ही रास्त आहेत.

पहिल्या कारणासाठी ती रिकामी आखूड भिंत कामाला येईल. ओटा आणि समोरची कपाटे यांच्यामध्ये तिथे सहा फूट अंतर आहे. ओट्याला काटकोनात जोडून त्या भिंतीलगत साडेतीन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद असा कोरडा ओटा घाला. कपाटापाशी अडीच फूट उरतात, तेवढ्यात लहान दारे उघडतात. याची उंची मुख्य ओट्यापेक्षा कमी, ३० इंच ठेवा आणि खाली कपाट न करता मोकळे सोडा. म्हणजे साधी खुर्ची ओढून सासूबाईंना तिथे भाजी निवडता येईल, मुलाला वही उघडता येईल, आणि उभ्याने पोळ्या लाटायलाही ती उंची बरी पडेल. कारण लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागतो, पोळपाटाची स्वतःची दीड इंच उंची असते, आणि पाच फूट उंचीच्या बाईला ३६ इंचांच्या ओट्यावर लाटताना खांदे उचलून धरावे लागतात. भिंतीत मिक्सरसाठी एक पॉइंट काढून घ्या. आधी खात्री करायची असेल तर याच मापाचे, चाकांना ब्रेक असलेले टेबल सुताराकडून करवून घ्या. फराळाच्या दिवशी ते ड्राय बाल्कनीत ढकलता येईल आणि सासूबाईंना त्यांची जमीन परत मिळेल.

दुसऱ्या कारणासाठी, भिंत विटांची किंवा ब्लॉकची निघाली आणि इंजिनिअरने होकार दिला, तर पूर्ण भिंत काढण्याऐवजी दाराचीच रुंदी थोडी वाढवून तिथे सरकते काचेचे दार बसवा. एरवी ते उघडे राहील, आणि फोडणी देताना किंवा मासे तळताना लावून घेता येईल. काँक्रीटची भिंत असेल तर आहे त्याच चौकटीत काचेचे दार लावण्यावर समाधान मानावे लागेल. तेवढ्यानेही आपली पाठ आणि बैठक यांच्यामधला दुरावा कमी होतो.

माझे म्हणणे पटत नसेल, तर एक प्रयोग करा. साहित्याचे रिकामे खोके ५ फूट बाय अडीच फुटांच्या आकारात, आराखड्यात आयलंड आहे नेमक्या त्याच जागी, कमरेएवढ्या उंचीपर्यंत रचा. भिंत अजून असल्यामुळे बाहेरच्या बाजूची वाट आपल्याला मिळणार नाही, पण ओट्याकडची साडेतीन फुटांची वाट खरी असेल, आणि मला तीच तपासायची आहे. आठ दिवस त्याच्या अल्याड स्वयंपाक करा. त्यात एक दिवस पाहुण्यांचा असू द्या, आणि भांडी घासणाऱ्या ताई व आपण एकाच वेळी आत असाल असा एक दिवस असू द्या. ट्रॉली ओढताना कुणाला थांबावे लागले, कुणाला वळसा पडला, कुठे कोपरा लागला, याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करत चला. आठव्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंनीसुद्धा, ती नोंद एकत्र वाचावी.

आणि सुतार माप घ्यायला येईल त्या दिवशी सासूबाईंना भिंतीपाशी उभे करा, त्यांचा हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपराच्या खाली सहा इंचांवर पेन्सिलने रेघ ओढा. मग आपलीही तशीच रेघ ओढा. नव्या ओट्याची उंची त्या दोन रेघांकडे पाहून पक्की करावी. मी वर सुचवलेला ३० हा आकडा मग बदलून घ्यावा लागला, तर तो निःसंकोच बदलून घ्या.